थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम : शस्त्रकर्म, त्यानंतरचा काळ आणि वैद्याचे कर्तव्य

मान, खांदा आणि हात यांच्या वेदना घेऊन येणारा रुग्ण आपल्या सर्वांच्या चिकित्सालयात नित्य दिसतो. यांतील बहुसंख्य रुग्णांचा समावेश मन्यास्तंभ, अवबाहुक किंवा विश्वाची यांत करता येतो आणि स्नेहन, स्वेदन, नस्य, बस्ती व वातशामक कल्प यांनी त्यांना उपशय मिळतो. परंतु यांतच एक लहान गट निराळा असतो. हात वर उचलताच त्यांच्या मुंग्या वाढतात, केस विंचरताना हात गळून जातो, अनामिका व करंगळी बधिर होतात, मानेच्या एमआरआयमध्ये लक्षणांना पुरेसे कारण सापडत नाही. दोन-तीन वर्षे उपचार बदलत राहिल्यावर एखादे दिवशी शल्यचिकित्सक ‘थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम’ असे निदान करून पहिली बरगडी काढण्याचा सल्ला देतात. तो कागद हातात घेऊन रुग्ण आपल्याकडे येतो व विचारतो, “डॉक्टर, हे ऑपरेशन करून घेऊ का? आणि केले तर मी कामावर कधी जाईन?”

या दोन प्रश्नांची उत्तरे देता यावीत, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. शस्त्रकर्म कसे करावे हे सांगणे हा आमचा विषय नव्हे. परंतु शस्त्रकर्मापूर्वीचे काही महिने आणि नंतरचे सहा महिने ते वर्षभर हा रुग्ण आपल्या संपर्कात असतो आणि त्या काळात त्याचे हित वा अहित पुष्कळसे आपल्या हाती असते.

रचना

मान आणि काख यांच्यामध्ये एक अरुंद वाट आहे. हाताकडे जाणारे चेतातंतूंचे जाळे म्हणजे ब्रॅकियल प्लेक्सस, हाताची मुख्य धमनी आणि मुख्य सिरा या तिन्ही गोष्टी याच वाटेने जातात. या वाटेवर तीन चिंचोळ्या जागा आहेत. पहिली मानेच्या बाजूस, पुढच्या व मधल्या स्केलीन मांसपेशींच्या मध्ये. हिच्या तळाशी पहिली बरगडी असते. दुसरी अक्षकास्थी व पहिली बरगडी यांच्या मध्ये. तिसरी छातीच्या लहान मांसपेशीखाली, म्हणजे पेक्टोरॅलिस मायनरच्या मागे. धमनी व चेतातंतू पुढच्या स्केलीन पेशीच्या मागून जातात, सिरा मात्र तिच्या पुढून जाते. हा एक बारकावा लक्षात ठेवला म्हणजे एकाच रोगाची तीन इतकी भिन्न रूपे का दिसतात, हे सहज उमगते.

काही लोकांत मानेच्या सातव्या मणक्यापासून एक जादा बरगडी निघते. हिला सर्व्हायकल रिब म्हणतात. साधारण शंभरात एक वा त्याहून कमी व्यक्तींमध्ये ती आढळते, स्त्रियांत अधिक, आणि पुष्कळदा दोन्ही बाजूंस. तथापि ती असणारांपैकी बहुतेकांना आयुष्यभर काहीही त्रास होत नाही. म्हणून एक्स-रेमध्ये जादा बरगडी दिसली की शस्त्रकर्म हवेच, असे समीकरण मांडू नये. जन्मतः असलेल्या अरुंद वाटेत अपघाताचा झटका, खांदे झुकवून बसण्याची सवय किंवा हात वर ठेवून करावयाचे काम यांची भर पडली की रोग प्रकट होतो. छताला रंग देणारे, ब्यूटी पार्लरमध्ये काम करणाऱ्या स्त्रिया, व्हॉलीबॉल व बॅडमिंटनचे खेळाडू, पोहणारे, जड पिशव्या खांद्यावर वाहणारे यांच्यात या व्याधीचा विचार आवर्जून करावा.

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या सहाव्या अध्यायात या प्रदेशातील मर्मे सांगितली आहेत. छाती व काख यांच्यामधील कक्षधर मर्माच्या आघाताने पक्षाघात, तर अंसफलकाच्या आघाताने बाहूचा बधिरपणा व शोष होतो असे तेथे वर्णन आहे. आधुनिक रचनाशास्त्राशी यांचा एकास एक मेळ घालण्याचा मोह आम्ही टाळतो. परंतु या भागास धक्का लागला तर पीडा हातात प्रकट होते, हे निरीक्षण किती जुने आहे, हे यावरून दिसते.

तीन प्रकार, तीन गती

दर दहांपैकी नऊहून अधिक रुग्ण चेतातंतूंवर दाब असणारे असतात. वेदना, मुंग्या, पकड सैल होणे, डोक्याच्या मागे व खांद्याच्या फऱ्यात दुखणे ही त्यांची लक्षणे. या प्रकारात घाई नसते. आधी किमान तीन ते सहा महिने योग्य व्यायाम, बसण्या-उठण्याच्या पद्धतीत बदल व वेदनाशमन हीच चिकित्सा होय, आणि अनेक रुग्णांना तेवढ्यानेच पुरेसे बरे वाटते. आपल्या उपचारांना येथे खरा वाव आहे. अपवाद एकच. तळहाताच्या अंगठ्याकडील उंचवटा सपाट होऊ लागला असेल, बोटांमधील मांस आटू लागले असेल, तर विश्वाचीतील कर्मक्षय समजून वर्षभर तेल लावीत बसू नये. तो शोष म्हणजे चेतातंतू मरत असल्याची खूण आहे आणि तेथे विलंब महागात पडतो.

दुसरा प्रकार सिरेचा. बहुधा तरुण, कष्टाळू, व्यायामप्रिय व्यक्ती. एक-दोन दिवसांत संपूर्ण हात सुजतो, निळसर-जांभळा होतो, जड वाटतो, खांद्यावर व छातीवर सिरा फुगून दिसू लागतात. हे सिरेत रक्ताची गुठळी झाल्याचे लक्षण आहे. याला शोथ समजून लेप, शेक वा अभ्यंग करणे सर्वथा अनुचित. मर्दनाने गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याचे भय असते. असा रुग्ण त्याच दिवशी सोनोग्राफीची व रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावा. नलिकेद्वारे औषध सोडून गुठळी विरघळविण्याचा उपाय पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत चांगला लागू पडतो. दिवस जातील तसा त्याचा उपयोग घटत जातो.

तिसरा, धमनीचा प्रकार शंभरात एखादा. जादा बरगडीच्या घर्षणाने धमनी फुगते, तेथे बारीक गुठळ्या तयार होतात व बोटांत जाऊन अडकतात. बोटे थंड, पांढुरकी, टोकाशी काळे ठिपके वा न भरणारा व्रण. एकाच हाताची बोटे अशी झाली असता वातरक्त म्हणून औषधी योजण्यापूर्वी मनगटाची नाडी दोन्ही बाजूंस तपासावी. नाडीपरीक्षेचा इतका अभ्यास असणाऱ्या आपल्या वर्गाने दोन्ही हातांच्या नाडीची तुलना करण्यास विसरावे, हे शोभत नाही.

निदानाबाबत थोडेसे. मान वळवून नाडी क्षीण होते का हे पाहण्याची अ‍ॅडसन परीक्षा प्रसिद्ध आहे, पण निरोगी माणसांतही ती अनेकदा सकारात्मक येते, तेव्हा तिच्यावर एकटीवर विसंबू नये. दोन्ही हात खांद्याच्या पातळीस कोपरात वाकवून धरावयाचे व तीन मिनिटे मुठी उघडझाप करावयाची, ही रूस यांची परीक्षा चिकित्सालयात सहज करता येते. रोगी हात बहुधा मिनिटभरातच खाली येतो. चेतातंतूंच्या विद्युत तपासण्या या रोगात पुष्कळदा प्राकृत येतात. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणजे दुखणे मनाचे आहे’ असे म्हणणे हा रुग्णावर अन्याय आहे. अशा हातास अनेक वर्षे ‘टेन्शन’चे निदान चिकटलेले आम्ही पाहिले आहे. सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली स्केलीन पेशीत भूल देणारे औषध टोचून तासाभरात लक्षणे कमी होतात का, ही परीक्षा शल्यचिकित्सक करतात. आराम मिळाला तर शस्त्रकर्माचाही उपयोग होण्याची शक्यता वाढते.

शस्त्रकर्म : थोडा इतिहास व स्वरूप

लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात होम्स कूट यांनी १८६१ साली जादा बरगडीवर शस्त्रकर्म केले. १९२७ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या अ‍ॅडसन यांनी स्केलीन पेशी छेदण्याचा मार्ग सुचविला. ‘थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम’ हे नाव १९५६ साली पीट व सहकाऱ्यांनी रूढ केले आणि १९६६ मध्ये डेन्व्हरच्या डेव्हिड रूस यांनी काखेतून पहिली बरगडी काढण्याची पद्धती वर्णिली. ती आजही प्रचारात आहे. दुसरी पद्धती अक्षकास्थीच्या वर, मानेच्या बाजूस छेद घेण्याची. सिरेच्या विकारात अक्षकास्थीच्या खालीही छेद घेतात. अलीकडे काही केंद्रांत छातीतून दुर्बिणीने व यंत्रमानवी हातांच्या साहाय्यानेही हे कर्म केले जाते. कोणती पद्धती श्रेष्ठ यावर शल्यचिकित्सकांत एकमत नाही. रुग्णाने पद्धतीची चिकित्सा करण्यापेक्षा हे कर्म वारंवार करणारा हात निवडावा, असे आम्ही सांगतो.

मूळ कल्पना सर्व पद्धतींत एकच : वाट मोकळी करणे. पहिली बरगडी, असल्यास जादा बरगडी, तसेच स्केलीन पेशी काढतात वा छेदतात, चेतातंतूंभोवतीचे कठीण धागे सोडवितात. छातीच्या लहान पेशीखाली दाब असेल तर तिचे बंधनही सोडवितात. कर्म संपूर्ण भूल देऊन होते व साधारणतः दोन-तीन तास चालते. बरगडी काढल्याने छाती दुबळी पडेल, ही रुग्णाच्या मनातील मोठी धास्ती असते. पहिली बरगडी आखूड व खोल असते. ती गेल्याने श्वास घेण्यात किंवा खांद्याच्या आकारात जाणवण्याजोगा फरक पडत नाही, हे त्यास स्पष्ट सांगावे.

अपाय कोणते, हेही आधीच सांगितलेले बरे. फुप्फुसावरणास छिद्र पडून हवा साठू शकते. त्यासाठी एक-दोन दिवस छातीत नळी ठेवावी लागते. काखेतील छेदानंतर दंडाच्या आतल्या बाजूस बधिरपणा बराच काळ राहतो, कधी कायमही. श्वासपटलाची नाडी दुखावल्यास दम लागतो, तो बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरतो. फऱ्याचे हाड मागे उचलून दिसणे, डाव्या बाजूस लसीका गळणे, रक्तस्राव, आणि क्वचित मुख्य चेतातंतूंनाच इजा होऊन हात अधिक दुबळा होणे, हे दुर्मिळ परंतु खरे धोके आहेत.

यश किती? चेतातंतूंच्या प्रकारात रुग्णांची निवड नीट झाली असता बहुसंख्यांना लक्षणीय आराम मिळतो. ‘लक्षणीय आराम’ म्हणजे ‘काही झालेच नव्हते अशी स्थिती’ नव्हे. नेदरलँड्समध्ये झालेल्या व २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, व्यायामाने बरे न झालेल्या ५० रुग्णांपैकी काहींचे शस्त्रकर्म लगेच केले, उरलेल्यांना पूर्वीचाच उपचार चालू ठेवला. तीन महिन्यांनी शस्त्रकर्म झालेल्यांच्या हाताची कार्यक्षमता स्पष्टपणे चांगली आढळली. रुग्णसंख्या लहान आहे हे खरे. परंतु यापूर्वी या विषयात अशा प्रकारचा पुरावाच अत्यल्प होता. काही रुग्णांत लक्षणे पुन्हा उद्भवतात, आणि ती बहुधा पहिल्या दोन वर्षांत. वर्षानुवर्षे जुने दुखणे, धूम्रपान, दीर्घकाळ घेतलेली अफूवर्गीय वेदनाशामके, मानेच्या मणक्याचा सोबतचा विकार, ही फळ कमी होण्याची कारणे आहेत. सिरा व धमनी यांच्या प्रकारांत, वेळेवर केल्यास, परिणाम अधिक खात्रीचा असतो.

पूर्वकर्म

सूत्रस्थानातील अग्रोपहरणीय अध्यायात पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म असे कर्माचे तीन भाग सांगितले आहेत. येथे वैद्याचा संबंध पहिल्या व तिसऱ्याशी आहे.

शस्त्रकर्म ठरले की प्रथम आपली औषधे लिहून काढावीत. रुग्ण भूलतज्ज्ञास ‘काही घेत नाही’ असे सांगतो, कारण काढे व गोळ्या यांना तो औषध समजत नाही. लसूण, आले, हळद यांचे औषधी मात्रेतील कल्प व गुग्गुळकल्प शस्त्रकर्मापूर्वी साधारण दोन आठवडे थांबवावेत. रक्त गोठण्याच्या क्रियेवर त्यांचा परिणाम होण्याचा संभव आहे. नित्याच्या भाजी-आमटीतील लसूण-हळदीस बंदी नाही, हेही सांगावे, नाहीतर घरचे लोक भीतीने रुग्णास उपाशी ठेवतात. यष्टिमधु दीर्घकाळ घेतल्याने रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. तेही बंद करावे. वत्सनाभयुक्त व धातुघटित रसकल्पांची नावे भूलतज्ज्ञास लेखी कळवावीत. अश्वगंधा, जटामांसी, तगर यांचा शामक गुण भुलेत भर घालू शकतो.

धूम्रपान व तंबाखू थांबविणे, बद्धकोष्ठ दूर करणे, आणि पोटाने संथ श्वास घेण्याचा अभ्यास करून घेणे हे या काळातले खरे काम. मानेच्या वरच्या पेशींनी श्वास घेण्याची सवय या रुग्णांत रुजलेली असते. ती आधीच मोडली तर नंतरचे दिवस सुसह्य होतात.

पश्चात्कर्म

याच अध्यायात सुश्रुताचार्यांनी एक फार व्यवहार्य गोष्ट सांगितली आहे : व्रण रुजल्यानंतरही, स्थैर्य येईपर्यंत, अजीर्ण, व्यायाम इत्यादी गोष्टी वर्ज्य कराव्यात. रुजणे वेगळे व स्थिर होणे वेगळे. थोरॅसिक आउटलेटच्या रुग्णांची फसगत नेमकी येथे होते. छेद दोन आठवड्यांत रुजतो, टाके निघतात, पाहुणे ‘झाले ना आता बरे’ म्हणतात. आत मात्र चेतातंतू अद्याप सुजलेले असतात आणि कापलेल्या पेशींच्या जागी नवी ऊती जमत असते.

रुग्णालयात मुक्काम साधारण दोन ते चार दिवसांचा. पहिले काही दिवस छेदाची वेदना, फऱ्यांच्या मध्ये व मानेत कळ, खोल श्वास घेताना बोचणे ही सर्व अपेक्षित लक्षणे होत. हात उशीवर टेकवून निजावे. त्या कुशीवर निजू नये. झोळी दिली असेल तर ती शल्यचिकित्सक सांगतील तेवढेच दिवस वापरावी. भीतीने हात छातीशी बांधून ठेवणारा रुग्ण महिन्याभरात खांदा आखडून घेतो आणि मग मूळ दुखण्यापेक्षा तेच मोठे होऊन बसते. मान सावकाश दोन्ही बाजूंस वळविणे, खांदा हलका फिरविणे, बोटांची हालचाल हे बहुधा दुसऱ्या दिवसापासूनच सुरू करतात.

पहिल्या सहा आठवड्यांत त्या हाताने दोन किलोपेक्षा अधिक वजन उचलू नये. पाण्याची कळशी, गॅसचे सिलिंडर, कडेवरचे मूल हे तर नाहीच. डोक्यावर हात नेऊन फळीवरचे डबे काढणे, दोरीवर कपडे वाळत घालणे, कणीक तिंबणे ही कामे घरातील दुसऱ्यांनी करावीत. स्त्री रुग्ण असेल तर हे पथ्य तिला सांगून उपयोग नसतो, ते तिच्या घरच्यांना बोलावून सांगावे लागते. दुचाकी चालविणे मान मोकळी वळेपर्यंत व गुंगीच्या गोळ्या सुटेपर्यंत टाळावे. खड्ड्यांच्या रस्त्यावर हँडलला बसणारा हिसका थेट मानेत पोचतो. लोकल गाडीत कडीला लोंबकळून उभे राहणे तर दीर्घकाळ वर्ज्य. बैठे काम चार ते सहा आठवड्यांनी, प्रथम अर्धा दिवस. अंगमेहनतीचे काम तीन महिन्यांपूर्वी नाही, आणि हात वर ठेवून करण्याचे काम असेल तर सहा महिने धरावेत. रजेचा अर्ज देण्यापूर्वीच हे आकडे रुग्णाला मिळाले पाहिजेत. हातावर पोट असणाऱ्याला तर शस्त्रकर्माच्या खर्चाइतकाच या महिन्यांचा खर्च मोठा असतो, आणि तो कोणी सांगत नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक विशिष्ट प्रसंग बहुतेकांच्या वाट्यास येतो. हालचाल वाढते, आणि मुंग्या, जळजळ, विजेचे झटके पुन्हा उसळतात. रुग्ण समजतो, शस्त्रकर्म फसले. याच वेळी तो आपल्याकडे येतो. अशा वेळी त्याला तत्काळ पंचकर्मासाठी दाखल करून घेणे हे त्याच्या हिताचे नाही. दोन-चार दिवस काम कमी करावे, श्वासाचा अभ्यास व सौम्य व्यायाम चालू ठेवावेत, शल्यचिकित्सकास कळवावे. लक्षणे लाटांप्रमाणे येतात व प्रत्येक लाट मागच्यापेक्षा लहान होत गेली तर मार्ग बरोबर आहे असे जाणावे.

शोष झालेल्या मांसाविषयी स्पष्ट बोलावे. चेतातंतू वाढतात ते दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला तीन सेंटिमीटर. मानेपासून तळहातापर्यंतचे अंतर साठ-सत्तर सेंटिमीटर धरले तर तेथवर पोचण्यास दीड-दोन वर्षे लागतील, आणि तोपर्यंत पुरवठा तुटलेली मांसपेशी पुन्हा जिवंत होण्याची मुदत बहुधा सरलेली असते. म्हणून अंगठ्याखालचा सपाट झालेला उंचवटा क्वचितच पूर्ववत भरतो. वेदना थांबतील, शोष वाढणार नाही, हे शस्त्रकर्माचे फळ. मांस परत येईल असे आश्वासन ना शल्यचिकित्सकाने द्यावे ना बृंहण देणाऱ्या वैद्याने.

आपल्या कर्मांची योजना

व्रण पूर्ण रुजून खपली पडेपर्यंत छेदावर तेल लावू नये. त्यानंतर, शल्यचिकित्सकाच्या संमतीने, व्रणवस्तूवर बोटाच्या टोकाने हलके स्नेहन करता येते. त्याने ती मऊ राहते. मानेच्या बाजूस जोरकस मर्दन तीन महिने नाही. अधोबाहू, पाठ व पाय यांचे सौम्य अभ्यंग त्याआधीही सुखकर वाटते. सिरेच्या प्रकारातील रुग्णाच्या हातास मात्र सोनोग्राफीने खात्री झाल्याखेरीज हात लावू नये. नाडीस्वेद वा पिंडस्वेद बधिर भागावर देताना विशेष सावध असावे. दंडाच्या आतल्या बधिर त्वचेला भाजल्याचे रुग्णाला कळतच नाही. नस्य गुणकारी असले तरी त्यासाठी मान मागे टाकून ठेवण्याची स्थिती पहिले सहा आठवडे अयोग्य होय. ग्रीवाबस्तीसाठी पालथे झोपविणेही या काळात नको.

विद्धकर्माविषयी आम्हांस आग्रहाने सांगावयाचे आहे. अक्षकास्थीच्या वर किंवा खांद्याच्या माथ्यावर खोल सुई घालणे शस्त्रकर्म झालेल्या रुग्णात तर नाहीच, इतर रुग्णांतही धोक्याचे आहे. फुप्फुसाचे टोक येथे पहिल्या बरगडीच्याही वर येते. अग्निकर्म, जलौका, सिरावेध हे रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना निषिद्ध. मान मोडून देणाऱ्यांकडे जाऊ नये, हे रुग्णास आपणहून सांगावे. तो विचारत नाही, पण जातो.

आभ्यंतर चिकित्सेत पहिले दोन आठवडे अग्नी व मलप्रवृत्ती यांकडे लक्ष पुरे. अफूवर्गीय वेदनाशामकांनी मलावष्टंभ होतो, कुंथताना मानेवर ताण येतो. रात्री कोमट दुधातून तूप, मनुका अशा साध्या उपायांनी भागते. मुगाचे कढण, तूप-भात, ताकाचा प्रकृतीनुसार उपयोग. बल्य व बृंहण कल्प अग्नी सुधारल्यावर.

औषधविक्रेत्यांसाठी

सिरेच्या प्रकारात शस्त्रकर्मानंतरही साधारण तीन महिने वा अधिक काळ रक्त पातळ ठेवणारी औषधे दिली जातात. वॉरफरिन, अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन यांपैकी एखादे नाव चिठ्ठीवर दिसले तर दुकानात खांदेदुखीसाठी परस्पर गुग्गुळकल्प मागणाऱ्या ग्राहकास ते देऊ नये, वैद्याकडे पाठवावे. गुग्गुळामुळे प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांचे रक्तातील प्रमाण घटल्याचे मानवी अभ्यासात दिसले आहे, अर्थात इतर औषधांचा प्रभावही कमी-अधिक होण्याचा संभव आहे. आणि येथे कमी झाला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. वॉरफरिन घेणाऱ्याने पालेभाज्या सोडावयाच्या नसून त्यांचे प्रमाण रोज सारखे ठेवावयाचे असते. प्रीगॅबालिन वा गॅबापेंटिन चालू असणाऱ्यास झोपेसाठी तगर-जटामांसीचे कल्प देताना अति गुंगीची जाणीव द्यावी. ‘हर्बल आहे, चालेल’ हे वाक्य काउंटरवरून उच्चारले जाऊ नये.

पुढील लक्षणांत ग्राहकास वा रुग्णास औषध न देता रुग्णालयात धाडावे : अचानक दम लागणे किंवा छातीत कळ, हात नव्याने सुजणे वा निळा पडणे, बोटे थंड व पांढरी होणे, छेदातून पू, दुधासारखा स्राव किंवा वाढता फुगवटा, ताप, आणि हाताची शक्ती पूर्वीपेक्षा कमी होणे.

शेवटी बहुतेक रुग्ण विचारतात तो प्रश्न : दुसऱ्या बाजूचे काय? जादा बरगडी दोन्हीकडे असली तरी दुसऱ्या हातास त्रास नसेल तर तिला हात लावीत नाहीत. त्रास असल्यासही पहिली बाजू पूर्ण स्थिर होण्यास काही महिने देतात आणि दुसऱ्या कर्मापूर्वी श्वासपटलाची हालचाल तपासून घेतात, कारण दोन्ही बाजूंचे श्वासपटल एकाच वेळी दुबळे होणे परवडणारे नसते. त्या मधल्या काळात निरोगी हातावर दुप्पट भार पडतो. भाजीची पिशवी त्याच खांद्यावर लटकविण्याऐवजी चाकांची घ्यावी, मोबाइल मान वाकवून खांद्यात धरू नये, आणि रात्री तो हात डोक्याखाली घेऊन झोपण्याची सवय असेल तर ती आजपासूनच मोडावी.